कॅनडा स्टडी परमिट: टोरंटोला उतरल्यावर पैशाचे कागद किती दाखवावे लागतात? वडिलांच्या खात्यातला बॅलन्स आता बराच कमी झालाय

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, सप्टेंबर इनटेकला हॅलिफॅक्सला मास्टर्ससाठी चाललेय. पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला, इंट्रोडक्शन लेटरची पीडीएफ आली, भावकीत पेढे वाटून झाले आणि आता घरात नवीनच विषय सुरू झालाय की टोरंटोला उतरल्यावर तिथला ऑफिसर परत सगळे पैसे बघायला मागणार आणि आमच्याकडे दाखवायला आता ते पैसे नाहीतच.

म्हणजे पैसे गेलेत कुठे तर फीमध्येच. अप्लाय केलं तेव्हा २२,८९५ कॅनेडियन डॉलरची जीआयसी (तिथल्या बँकेतली राहण्या-खाण्याच्या खर्चाची ठेव) केलेली होती, ती तशीच आहे. शिवाय वडिलांच्या नॅशनलाइज्ड बँकेतल्या खात्यात तेव्हा साधारण १९ लाख दिसत होते, चार महिन्यांचं स्टेटमेंट लावलं होतं. व्हिसा आल्यावर त्यातूनच पहिल्या टर्मची फी भरली, तिकीट काढलं, राहायच्या जागेचं डिपॉझिट दिलं, तर आता खात्यात जेमतेम दोन-अडीच लाख राहिलेत. पुढच्या फीसाठी एज्युकेशन लोन सँक्शन आहे पण अजून एक रुपया उचललेला नाही.

दुसरं म्हणजे आमचा पैसा शेतीचा. ऊसबिल जिल्हा बँकेत जमा होतं, आणि तिथून परदेशात पैसे पाठवता येत नाहीत म्हणून वडिलांनी ते नॅशनलाइज्ड बँकेत वळवले, त्यात आजोबांची एफडी मोडलेली पण आली. त्यामुळे स्टेटमेंटमध्ये एकदम मोठमोठ्या रकमा जमा झालेल्या दिसतात. जिल्हा बँकेचं पासबुक मराठीत, सातबारा मराठीत. ऑफिसरने विचारलं हे काय तर मी काय सांगू?

ज्या एजंटकडून फाइल केली तो म्हणतो महिन्याभरासाठी वीस लाख फिरवून देतो, व्याज द्या, ताजं स्टेटमेंट काढा आणि ते घेऊन जा. मावसभाऊ म्हणतो कोण विचारत नाही, हसत हसत परमिट देतात. वडिलांना दोन्ही पटत नाहीये आणि मला रात्री झोप नाही. जे खरंच त्या काउंटरवर उभे राहिलेत त्यांनी सांगा प्लीज.

मिसिसॉगा_व्हाया_चिंचवड

अभिनंदन! आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर म्हणजे बाकीचं सोपं होईल. तुझ्याकडे आत्ता स्टडी परमिट नाहीये. पासपोर्टवर आहे तो तिथवर पोचायचा व्हिसा, आणि पीडीएफ आहे ते परमिट मंजूर करायला हरकत नाही असं सांगणारं पत्र. खरा परमिट एअरपोर्टवर सीबीएसएचा, म्हणजे तिथल्या सीमा खात्याचा माणूस प्रिंट करून देतो, आणि द्यायचा की नाही हा निर्णय त्या क्षणी त्याचा असतो. म्हणून पैशाबद्दल विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. मावसभाऊ म्हणतो तसं बऱ्याच जणांना काही विचारत नाहीत हेही खरंच, पण ते तुझ्या हातात नाही, तुझ्या हातात फक्त फाइल आहे.

आता बॅलन्स कमी झाल्याचं. अगं तो कमी व्हायलाच हवा ना! फीसाठी म्हणून दाखवलेले पैसे फीला गेले. १९ लाख तसेच पडून असते आणि फी भरलेली नसती तर उलट प्रश्न आला असता की बाई तू शिकायला आलीयस ना. तू फक्त त्याला पैसे कुठून कुठे गेले ते दिसेल असं ठेव, म्हणजे अप्लाय करताना लावलेलं जुनं स्टेटमेंट, त्याच्या पाठी आत्ताचं नवीन स्टेटमेंट ज्यात युनिव्हर्सिटीला गेलेली रक्कम दिसते, आणि युनिव्हर्सिटीची फी पावती. त्या पावतीवरचा आकडा आणि स्टेटमेंटमधला आकडा पेन्सिलने खूण करून ठेव, विनिमय दरामुळे थोडं इकडेतिकडे असेल ते चालतं.

जीआयसी हा तर सगळ्यात भारी कागद आहे. तो पैसा कॅनडातल्या बँकेत तुझ्या नावावर पडलेला आहे, सुरवातीला काही रक्कम आणि मग वर्षभर महिन्याला थोडे थोडे असे तुला मिळणार, वडिलांच्या खात्याशी त्याचा संबंधच नाही. त्याचं सर्टिफिकेट सगळ्यात वर ठेव. पूर्वी एसडीएस, म्हणजे स्टुडंट व्हिसा लवकर देणारी योजना होती तेव्हा त्यात जीआयसी कंपल्सरी होती, ते ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झालं, आता जीआयसी हा अनेक पुराव्यांपैकी एक आहे, पण ऑफिसरला त्यात समजून घेण्यासारखं काही उरत नाही हा त्याचा फायदा.

आणि हो, तू हॅलिफॅक्सला चाललीस तरी इमिग्रेशन टोरंटोलाच होणार, कॅनडात जिथे पहिल्यांदा उतरशील तिथेच. कनेक्शनला मध्ये भरपूर वेळ ठेव. ऑगस्टच्या शेवटी त्या हॉलमध्ये स्टुडंट लोकांची जी रांग लागते ती बघून पंढरपूरची दर्शनबारी आठवते.

रंकाळा_टू_ब्रॅम्प्टन

वरच्यांनी बरोबर सांगितलंय पण मी जरा वेगळं सांगतो कारण मला चांगलंच विचारलं होतं. कागद मागितले नाहीत आधी, आधी तोंडी. फी किती आहे वर्षाची, आत्तापर्यंत किती भरली, बाकीचे कोण भरणार, वडील काय करतात, दुसऱ्या वर्षाचं काय. एवढंच, पण भराभर. माझ्या पुढे एक पोरगा होता, फाइल माझ्या दुप्पट जाड, पण वर्षाची फी किती विचारल्यावर तो फाइल चाळायला लागला. तिथेच ऑफिसरचा चेहरा बदलला राव. त्याला बाजूला बसवलं, नंतर सोडला त्याला, पण तासभर घाम फुटला असणार.

म्हणून माझं म्हणणं आकडे पाठ पाहिजेत. स्वतःच्या तोंडात पाहिजेत, एजंटच्या फाइलमध्ये नव्हे. वर्षाची फी डॉलरमध्ये, भरलेली किती, लोन किती लाख आणि त्याचे डॉलर किती होतात, जीआयसी किती. बास.

आणि एक उत्तर चुकूनही द्यायचं नाही ते म्हणजे "पार्ट टाइम करून भागवीन". आठवड्याला २४ तास कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी आहे ती आहे, पण तिथल्या इमिग्रेशन नियमावलीतला २२० नंबरचा नियम सरळ सांगतो की कॅनडात काम न करता फी, राहणं-खाणं आणि येण्याजाण्याचा खर्च भागेल एवढे पैसे पाहिजेत. तेव्हा काम मिळेल वगैरे हिशोबात धरायचंच नाही. आपली पोरं प्रामाणिकपणे, मेहनती आहोत असं दाखवायला म्हणून सांगतात, आणि तेच अंगावर येतं.

ऊसबिलाचं टेन्शन घेऊ नकोस. माझे वडील पण शेतकरीच. शुगरकेन फार्मर, कारखान्याला ऊस घालतात, बिल बँकेत येतं, एवढं सांगितलं की पुरतं. तिकडं पण शेतकरी असतातच की.

सीए_डोंबिवली

माझा धंदा कागदांचाच आहे त्यामुळे एजंटच्या वीस लाखांबद्दल मी लिहितो. असले "फंड दाखवणारे" आमच्याकडेही येऊन गेलेत, सरळ हाकलले. जरा विचार करा, खात्यात दोन लाख, अचानक वीस लाख आले, स्टेटमेंट काढलं, महिन्याने परत गेले. हे स्टेटमेंट घेऊन तुम्ही ऑफिसरसमोर उभ्या राहिलात आणि त्याने विचारलं हे वीस लाख कुणाचे, तर काय सांगणार? खरं सांगितलं तर पैसे तुमचे नाहीत. खोटं सांगितलं तर ते मिसरिप्रेझेंटेशन, कॅनडाच्या कायद्यात कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद. तुमची केस आत्ता स्वच्छ आहे, त्यात स्वतःच्या पैशाने आणि वर व्याज देऊन घाण कशाला करून घेताय?

आणि २०२३ मध्ये खोट्या ॲडमिशन लेटरचं प्रकरण झालं, आपल्या देशातली कितीतरी मुलं त्यात अडकली, त्यानंतर तिकडे प्रत्येक ॲडमिशन लेटर कॉलेजकडून तपासून घेतात. अशा वातावरणात एजंट असले सल्ले देतो म्हणजे कमाल आहे. फी परत मागा त्याच्याकडे.

आता तुमच्या मोठमोठ्या जमा रकमा. त्याला उपाय साधा आहे. जिल्हा बँकेच्या खात्याचा त्याच काळातला उतारा घ्या, शाखेत अर्ज दिला की बहुतेक ठिकाणी शिक्का मारून इंग्रजीत प्रिंट देतात. ज्या तारखेला जिल्हा बँकेतून गेले त्याच किंवा दुसऱ्या दिवशी इकडे जमा झाले असं जुळलं की विषय संपला. कारखान्याच्या बिलाची पट्टी असेल तर तीही जोडा. एफडीचं मोडल्याचं ॲडव्हाइस बँकेकडून मिळतं, आणि आजोबांनी दिले म्हणून एका कागदावर गिफ्ट लेटर, आजोबांची सही, पॅन, नातं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी वडिलांनी रिटर्न भरून त्यात दाखवलेलं असेल तर ते सोन्याहून पिवळं.

मराठी कागद इंग्रजी भाषांतराशिवाय नेऊ नका. सातबारा तर मुळात नेऊच नका असं माझं मत आहे. जमीन हा पैसा नाही, ऑफिसरला हातात खेळणारा पैसा बघायचाय, आणि सातबाऱ्याचं भाषांतर वाचून तो माणूस पोटखराबा म्हणजे काय ते विचारत बसेल. अर्जात लावला असेल तर झेरॉक्स फाइलच्या तळाशी असू दे.

लोनबद्दल एक. सँक्शन लेटरवर मुदत असते ती आजच तपासा. संपत आली असेल तर शाखेतून लेटरहेडवर नवीन पत्र घ्या की एवढं कर्ज मंजूर, एवढं उचललं, एवढं शिल्लक, आणि शिल्लक रक्कम टर्मप्रमाणे थेट युनिव्हर्सिटीला जाईल. आपल्याकडे बँका एज्युकेशन लोन विद्यार्थ्याच्या खात्यात टाकत नाहीत हे त्या पत्रात आलं की "मग पैसे दिसत का नाहीत" हा प्रश्नच उरत नाही. मॅनेजर म्हणतील असं पत्र आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. तुम्ही खुर्ची सोडू नका.

म्युनिकचा_मन्या

मी जर्मनीवाला पण गंमत म्हणून लिहितो कारण आमच्याकडे बरोबर उलटं असतं. आमच्याकडे ब्लॉक्ड अकाउंट, त्यात ११,९०४ युरो टाकून ठेवायचे, महिन्याला ९९२ सुटतात, तुमच्या जीआयसीचा चुलतभाऊ. एअरपोर्टवर फेडरल पोलिसाने डी व्हिसा (जास्त दिवस राहायचा व्हिसा) बघितला, कुठली युनिव्हर्सिटी विचारलं, ठप्पा. मी ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन हातात धरून उभा, त्याने बघितलंसुद्धा नाही. पण खरी परीक्षा नंतर, परदेशी लोकांच्या ऑफिसात रेसिडन्स परमिट काढायला गेलं की परत सगळं पहिल्यापासून, आणि पुढे दर रिन्यूअलला परत. तुमचं उतरल्या उतरल्या काउंटरवर होतं ते बरं की.

म्हणजे मुद्दा हा की दुसऱ्या देशातल्या मित्रांचे अनुभव ऐकून निर्धास्त होऊ नकोस आणि घाबरू पण नकोस.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, वडिलांना सगळं वाचून दाखवलं. एजंटचा विषय त्यांनीच बंद केला, फोन करून काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही 😄

सीए सर, सँक्शन लेटरची मुदत खरंच पुढच्या महिन्यात संपतेय, बरं झालं सांगितलंत, उद्याच शाखेत जाते.

अजून दोन शंका. वडील म्हणतात रोख जास्त ने, हातात पैसे दिसले की माणूस मऊ पडतो. किती नेता येते? आणि हे सगळे कागद फोनमध्ये असले तर चालतात का, कारण प्रिंट काढल्या तर फाइल विटेएवढी होतेय.

मिसिसॉगा_व्हाया_चिंचवड

वडिलांना सांग मऊ बिऊ कोणी पडत नाही. रोख किती हवी असा काही नियम नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर. तेवढीसुद्धा गरज नाही, पहिल्या आठवड्याचं खाणं, बस आणि सिम एवढ्यापुरते कॅनेडियन डॉलर रोख, थोडे सुटे, बाकी कार्ड. तिकडे १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त आणलेत तर डिक्लेअर करावे लागतात, त्यावर टॅक्स काही नाही, पण सांगितलं नाही तर जप्त करतात. तुझा तो प्रश्नच येत नाही.

कार्डवर पैसे असतील तर कार्डच्या बॅलन्सचा प्रिंटआउट ठेव, नुसतं प्लास्टिक दाखवून काय कळणार त्याला.

फोनचं म्हणशील तर नको. त्या हॉलमध्ये फोन वापरू नका असे बोर्ड लावलेले असतात आणि एवढ्या लांबच्या प्रवासानंतर बॅटरी दगा देणारच. प्रिंटच ने, पण वीट करू नकोस. वर पासपोर्ट, इंट्रोडक्शन लेटर, ॲडमिशन लेटर, त्याखाली जीआयसी, फी पावती, लोनचं पत्र. बहुतेकांचं इथेच संपतं. स्टेटमेंट, गिफ्ट लेटर, उसाची पट्टी हे दुसऱ्या पातळ फोल्डरमध्ये, मागितलं तरच. न मागता कागद पुढे सारत बसलीस की त्यातूनच नवीन प्रश्न निघतात. आणि दोन्ही केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही, इमिग्रेशनच्या वेळी मोठी बॅग हातात आलेली असेलच असं नाही.

रंकाळा_टू_ब्रॅम्प्टन

परमिट हातात पडला की पैशाचं निभावलं या आनंदात तशीच पळू नको. काउंटरवरून हलायच्या आधी वाच. नाव, जन्मतारीख, संपायची तारीख, काम करायची परवानगी लिहिली आहे का. पासपोर्ट लवकर संपत असेल तर परमिट पण तेवढाच देतात, ती चूक नसते. पण कामाची ओळच नसेल तर तिथल्या तिथे विनंती कर, दुरुस्त करतात. नंतर ऑनलाइन दुरुस्तीला टाकलं की बस वाट बघत.

निवृत्त_नाशिक

छान चर्चा चालू आहे. विषयाला थोडा धरून आणि थोडा सोडून विचारतो. आम्ही दोघे मुलीकडे कॅलगरीला सुपर व्हिसावर (तिथे राहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मिळतो तो) जाणार आहोत. पैशाची जबाबदारी जावई-मुलीने लिहून दिली आहे. तर आम्हालाही एअरपोर्टवर पेन्शनचे वगैरे कागद दाखवावे लागतील का? मला इंग्रजी येतं, सौभाग्यवतींना बोलायची सवय नाही.

मिसिसॉगा_व्हाया_चिंचवड

काका, नमस्कार. तुमच्या केसमध्ये पैशापेक्षा विम्याचा कागद आधी मागतात. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण कमीतकमी १ लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स, तुम्ही पोचाल त्या तारखेपासून किमान एक वर्षाचा, लागतो, आणि तो पैसे भरून घेतलेला हवा, नुसतं कोटेशन चालत नाही. हप्त्याने घेतला असेल तर डिपॉझिट भरल्याची पावती ठेवा. प्रवासाची तारीख बदलली तर पॉलिसीची तारीख पण बदलून घ्या, हे लोक हमखास विसरतात. मध्ये भारतात येऊन परत गेलात तरी प्रत्येक वेळी पॉलिसी चालू पाहिजे.

त्याच्यासोबत मुलीचं आमंत्रणाचं पत्र आणि तिच्या उत्पन्नाचा पुरावा, तिकडे टॅक्स खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट येते ती. तुमची पेन्शन पासबुकची एक प्रत असू द्या, परत यायला इकडे काही आहे हे त्यातून दिसतं. सौभाग्यवतींना वेगळ्या काउंटरवर पाठवत नाहीत, एकाच कुटुंबातले म्हणून दोघे एकत्र पुढे जा. आणि अगदीच अडलं तर दुभाषा मागता येतो.

निवृत्त_नाशिक

धन्यवाद. पॉलिसी जुन्या तारखेची आहे, तिकीट पंधरा दिवस पुढे ढकललं होतं. जावयांना आत्ताच मेसेज टाकतो.

सीए_डोंबिवली

काका, तारीख बदलल्यावर नवीन पॉलिसी पीडीएफ नीट उघडून दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत ना तेही बघा. आपल्याकडे मधलं नाव आडनावाच्या जागी टाकायची फार सवय आहे.

कृष्णाकाठची

बँकेतून आले. मॅनेजर म्हणाले असं पत्र आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. मी खुर्ची सोडली नाही. सोमवारी मिळतंय.